शेवया, चाळणी आणि डी.एन.ए.

मिरकाबच्या घरी परवा शेवया निथळताना चाळणी तुंबली. मी डावाने दाबले, तशी अधिकच तुंबली. डी.एन.ए. गाळतानाही असेच होते. हा धागा जेमतेम २ नॅनोमीटर जाड. निर्जंतुक करणाऱ्या पडद्याचे छिद्र सुमारे २०० नॅनोमीटरचे. मग अडते कुठे? पाण्यात धाग्याची फुगीर गुंडाळी होते. एक छिद्रात अडकली की मागच्या तिच्यावर साचतात. जोर लावला तर थर घट्ट बसतो, धागेही तुटू शकतात. म्हणून दाब बेताचा ठेवतात. मिठाने गुंडाळी आवळते, तोही उपाय. २०२१ मध्ये भारताने आणीबाणीच्या वापरासाठी मान्य केलेली झायकोव्ह-डी ही माणसांसाठीची जगातली पहिली डी.एन.ए. लस. अशा लशी बनवताना पडदा तुंबला, तर मौल्यवान माल त्यातच अडकतो. सौ. म्हणाली, "तेव्हा डाव खाली ठेवा!"