शहापूर-मुरबाडकडे जमीन घेताना



आसनगाव स्थानकावर उतरून शहापूरच्या रस्त्यास लागले की दोहों बाजूंस भाताच्या खाचरांहून अधिक दाटी आढळते ती जमीन विकण्याच्या पाट्यांची. महामार्गापासून अमुक मिनिटांवर, माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी, निसर्गाच्या सान्निध्यात, अशी त्या पाट्यांची भाषा असते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ठाणे, डोंबिवली, मुंबई येथील पांढरपेशा कुटुंबांची दृष्टी या तालुक्याकडे अधिकच वळली. मुरबाडला तर आगगाडी अद्याप गेलेलीही नाही. परंतु कल्याण-मुरबाड लोहमार्गाच्या नुसत्या वार्तेवर तेथील जमिनीचे सौदे कित्येक वर्षे होत आले आहेत. अशा वेळी चार पैसे गाठीस बांधून या व्यवहारात प्रथमच उतरणाऱ्या गृहस्थाने काय पाहावे आणि कोणाकोणाशी ओळख करून घ्यावी, याविषयी मी आज थोडेसे बोलणार आहे. मी वकील नव्हे, शाळामास्तर होतो. या विषयात एकदा निम्मा फसलो, एवढाच माझा अधिकार.

निवृत्त झाल्यावर भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आली आणि एका मध्यस्थाने मला शहापूर तालुक्यात एक तुकडा दाखविला. महिना श्रावणाचा. टेकडीच्या उतारावर हिरवेगार गवत, खालून खळाळणारा ओहोळ, कडेला चार आंब्याची झाडे. मी तेथेच भाळलो आणि इसार देऊन मोकळा झालो. पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गाठ पडली. तो महसूल खात्यात कारकून होता. कागद पाहून तो म्हणाला, "गुरुजी, सातबारा वाचलात, पण उजवीकडचा रकाना वाचला नाहीत. आणि फेरफार तर मागितलेच नाहीत." ती जमीन मूळची एका ठाकर कुटुंबाची निघाली. इसाराची निम्मी रक्कम पुष्कळ खेटे घातल्यावर परत मिळाली; उरलेली आजतागायत मिळालेली नाही.

तेव्हा प्रथम सातबाऱ्याविषयी. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. आता तो घरबसल्या संगणकावर पाहता येतो, ही मोठीच सोय झाली. नवखा मनुष्य त्यात मालकाचे नाव व क्षेत्र एवढेच पाहतो. वस्तुतः पहिला प्रश्न धारणाप्रकाराचा आहे. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर जमीन विकण्यास सामान्यतः सरकारी परवानगी लागत नाही. 'वर्ग २' असेल तर ती लागते, आणि विकणारा हे आपणहोऊन सांगत नाही. दुसरा रकाना 'इतर हक्क' हा. बँकेचा वा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, वनखात्याची नोंद, न्यायालयातील दावा, पुनर्वसनाचा निर्बंध, हे सारे तेथे दोन-चार शब्दांत लिहिलेले असते. त्या शब्दांशेजारी आकडे असतात; ते फेरफारांचे क्रमांक होत. प्रत्येक क्रमांकाचा उतारा मागवून वाचल्यावाचून जमिनीचा इतिहास कळत नाही. निदान १९५७ सालापर्यंत मागे जावे, असे मी म्हणेन. ते साल का, ते सांगतो.

१ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातील कृषकदिन. त्या दिवशी कसणारी कुळे जमिनीचे मालक मानली गेली. कुळाला अशा रीतीने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा निर्बंध असतो. २०१४ सालच्या दुरुस्तीने, खरेदीच्या प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या चाळीस पट रक्कम सरकारात भरून ती विकता येऊ लागली. पण ती रक्कम भरली गेली आहे काय, हे पाहणे घेणाऱ्याचे काम आहे. याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या मनुष्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. साताऱ्याकडे वा रत्नागिरीकडे वडिलोपार्जित शेती असून तिच्या सातबाऱ्यावर आपले नाव असेल तर प्रश्न नाही. नसेल तर 'शेतकऱ्याचा दाखला मी काढून देतो' असे म्हणणाऱ्या मध्यस्थाचा त्याच क्षणी निरोप घ्यावा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते.

आता ठाकर कुटुंबाची गोष्ट. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे ही १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची ही भूमी. सावकाराच्या वहीवर आंगठा उमटवून, कधी धान्याच्या उचलीपोटी, कधी लग्नाच्या कर्जापोटी या लोकांच्या जमिनी गेल्या. म्हणूनच जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम ६ जुलै १९७४ पासून आले. तेव्हापासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने विकत घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची आणि त्यापूर्वी राज्य शासनाची मान्यता लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठीही निराळा कायदा झाला. मधल्या काळात ती जमीन तीन हातांतून फिरली असली तरी मूळचा दोष धुऊन निघत नाही. पुष्कळ शहरी मंडळी या निर्बंधास सरकारी कटकट म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या तुकड्यावर मी खुर्ची टाकून चहा पिणार होतो, तेथे कोणाची तरी नाचणी होत असे, ही गोष्ट मी विसरू शकलो नाही.

वनाचा प्रश्न तितकाच गहन आहे. खाजगी वनांच्या संपादनाचा १९७५ चा कायदा त्या वर्षी ३० ऑगस्टला अमलात आला व ठाणे जिल्ह्यातील पुष्कळ खाजगी वन त्या दिवशी सरकारकडे गेले. तशी नोंद कधी सातबाऱ्यावर असते, कधी वनखात्याच्या दप्तरातच राहून जाते. यास्तव वनक्षेत्रपालांच्या कचेरीत गट क्रमांक देऊन विचारणा करावी. तानसा अभयारण्यालगतच्या गावांत बांधकामाचे निर्बंध आणखी निराळे.

पाण्याविषयी एक विलक्षण गोष्ट आहे. १८९२ सालचा तानसा तलाव, भातसा व मध्य वैतरणा ही धरणे शहापूरच्याच मुलखातली. मुंबई त्यांचे पाणी पिते, आणि उन्हाळ्यात शहापुरातील पाड्यांवर टँकर धावतात. माझा तो खळाळणारा ओहोळ मी मे महिन्यात पुन्हा पाहिला. त्यात गुरे बसली होती. वरकस जमीन, म्हणजे जेथे पूर्वी गवत कापीत व राबासाठी पालापाचोळा गोळा करीत, ती शहरच्या मनुष्यास फार रमणीय दिसते, परंतु तेथे विहिरीस पाणी लागेलच असे नाही. जमीन पाहावी ती वैशाखात. मुरबाडकडे काळू नदीवरील धरणाचे काम रखडलेले आहे. आपला गट बुडीत क्षेत्राच्या यादीत नाही ना, हेही विचारून घ्यावे.

ओळखींचा विचार आता करू. नवखा गृहस्थ एका मध्यस्थाशी सलगी करतो आणि त्यालाच सारे गाव समजतो. वास्तविक तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मंडल अधिकारी, भूमी अभिलेख कचेरीतील भूकरमापक, आणि तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारा, पण विकणाऱ्याचा नव्हे असा एक वकील, ही माणसे आधी गाठावीत. दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध हा वकीलच घेईल. परंतु याहूनही मोलाचा मनुष्य म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेतकरी. पौषात म्हसा येथे जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार असतो. अशा ठिकाणी सौद्याची भाषा न काढता दोन तास गप्पा माराव्यात. कोणत्या भावाभावांत वाद आहे, कोणाच्या बहिणीने सही दिलेली नाही, जमिनीकडे जाणारी वाट खरोखरी कोणाची, हे तेथे सहज कळते. २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. पाच भाऊ हसत सही करतात आणि नाशिकला दिलेली सहावी, ती बहीण, पुढे दावा लावते. दोष तिचा नसतो.

चार-पाच मित्रांनी मिळून जमीन घेण्याची पद्धत मला पसंत आहे, कारण पाच जणांत एक तरी शंकेखोर असतो. मात्र प्रत्येकाचा हिस्सा खरेदीखतातच लिहावा आणि एखादा निवर्तला वा बाहेर पडू इच्छिला तर काय करावयाचे, तेही कागदावर आणावे. एकाच्या नावावर घेऊन इतरांनी विश्वासावर राहू नये. तसेच कुलमुखत्यारपत्रावर 'मालक' होऊ नये. तेवढ्याने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. पाडलेले भूखंड विकणाऱ्याकडे महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्रकल्पास ती नोंदणी लागत नाही. लेखी मंजूर आराखड्याऐवजी केवळ रंगीत चित्र दाखवीत असतील तर परतावे. आणि गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आर म्हणजे सुमारे १०७६. सातबारा आरात असतो व दलाल गुंठ्यात बोलतो, हे ध्यानात असू द्यावे.

खरेदीखत नोंदले की काम संपले असे नाही. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पुरी रक्कम देण्यापूर्वी हद्दकायम मोजणी करून घ्यावी व त्या वेळी शेजाऱ्यांस आवर्जून बोलवावे. पावसाळ्यात खाचरे पाण्याखाली असतात आणि बांध दिसत नाहीत. तेव्हा मोजणीचा अर्ज अशा बेताने द्यावा की भूकरमापक दिवाळीनंतर, भात कापून झाल्यावर, जमिनीवर येईल.