एकेक दुखणे वेगळे मोजू नका : ल्युपसच्या पहिल्या खुणा



एखाद्या बाईच्या गालावर काळसर डाग आले की वस्तीत कोणीतरी म्हणते, "वांग आलाय." सांधे दुखले की "वात धरला." केस गळाले की "साबण बदल." रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली की "कामाचा शिणवटा हाय." आणि दोनदा दिवस जाऊन दोन्ही वेळा गर्भ पडला, तर सल्ला कोणी देत नाही, बोल मात्र तिलाच लावतात.

यातली प्रत्येक गोष्ट साधीही असू शकते. बहुतेक वेळा साधीच असते. पण त्यातल्या तीन-चार गोष्टी एकाच बाईला, काही महिन्यांच्या आत होऊ लागल्या, तर त्यांची बेरीज करावी लागते. त्या बेरजेचे एक नाव ल्युपस असू शकते. या वेळी आपण याच आजाराची ओळख करून घेऊ.

आजार काय आहे?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक व्यवस्था असते. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. ल्युपसमध्ये ही व्यवस्था आपले-परके ओळखण्यात चुकते. राखणदारानेच घरच्यांवर काठी उगारावी, तसे ती आपल्याच कातडीवर, सांध्यांवर, रक्तातल्या पेशींवर आणि मूत्रपिंडांवर हल्ला करते. म्हणून एकाच आजाराच्या खुणा अंगभर विखुरलेल्या दिसतात.

ल्युपस हा लॅटिन शब्द आहे, अर्थ लांडगा. जुन्या काळच्या युरोपातल्या वैद्यांना चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावल्यासारखे वाटत, म्हणून हे नाव पडले. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात, आणि त्यातही बहुतेकींना आजार ऐन उमेदीत, पंधरा ते पंचेचाळीस या वयात सुरू होतो. पुरुषांना आणि लहान मुलांनाही तो होतो, पण कमी.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. तो कॅन्सर नाही, कुष्ठरोग नाही, एड्सही नाही. कोणाच्या करणीने होत नाही आणि कोणाच्या पापाचे फळही नाही.

खुणा कशा चुकतात?

समजा, राणीसावरगावातल्या एका वस्तीत पंचवीस वर्षांची सून आहे. कापूस वेचणीला जाते. दिवाळीनंतर तिची बोटे आणि मनगटे दुखू लागली. सकाळी तासभर मूठ वळेना. गावातल्या डॉक्टरने सुई दिली, गोळ्या दिल्या. आठ दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. संक्रांतीच्या सुमाराला गालांवर डाग आले. मेडिकलवाल्याने एक मलम दिले. होळीपर्यंत केस पुंजक्याने हातात येऊ लागले. कोणीतरी तेल सांगितले. उन्हाळ्यात पाय सुजले. सासू म्हणाली, "मीठ कमी खा."

पाहा, सल्ला प्रत्येकाने दिला आणि कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण सांधे एकाने पाहिले, डाग दुसऱ्याने, केस तिसऱ्याने. पूर्ण बाई कोणी पाहिलीच नाही. सहा महिने गेले आणि तिची लघवी एकदाही तपासली गेली नाही.

हे उदाहरण आम्ही समजुतीसाठी रचले आहे. पण ल्युपसचे निदान लांबते ते बहुधा असेच.

या खुणा एकत्र दिसतात का?

चेहऱ्यावरचा चट्टा : दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते, ती बहुधा मोकळी राहते. उन्हात गेल्यावर चट्टा वाढतो, चुरचुरतो. पुस्तकात आणि मोबाईलवर हा चट्टा लालभडक दाखवतात, कारण ते फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असे नाही. तो जांभळट, तपकिरी किंवा नुसता काळपट दिसतो. म्हणूनच तो वांग किंवा उन्हाने रापलेले समजून सोडून दिला जातो. वांग सहसा सपाट असतो, त्याला खाज किंवा आग नसते, आणि त्याबरोबर ताप किंवा सांधेदुखी येत नाही.

इतर डाग : कानाच्या पाळीवर, डोक्यात किंवा चेहऱ्यावर गोल, जाड, खवले धरलेले डाग. ते बरे होताना व्रण ठेवतात आणि डोक्यात असतील तर तिथे पुन्हा केस येत नाहीत. याला गजकर्ण समजून मलम चोळत बसू नका.

सांधे : बोटे, मनगट, गुडघे दुखणे. दोन्ही बाजूंना दुखणे. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहणे.

ताप आणि थकवा : कारण सापडत नाही असा बारीक ताप. झोप झाली तरी न जाणारा थकवा. वजन उतरणे.

तोंड : टाळूवर किंवा नाकात फोड, तेही बहुधा न दुखणारे. ज्या बाया मिसरी लावतात किंवा तंबाखू खातात, त्यांच्या तोंडातला कोणताही फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. तिथे मुखकॅन्सरचीही शंका घ्यावी लागते.

बोटे : थंडीत किंवा गार पाण्यात हात घातल्यावर बोटे पांढरी पडणे, मग निळसर होणे.

छाती : खोल श्वास घेताना कळ येणे, दम लागणे.

रक्त : गोळ्या घेऊनही रक्त न वाढणे, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट पुन्हा पुन्हा कमी निघणे.

गर्भ : एकापेक्षा जास्त वेळा गर्भ पडणे, किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे. काही ल्युपस रुग्णांच्या रक्तात गुठळ्या करणारे घटक तयार होतात. ते रक्तावर तपासता येतात आणि त्यावर औषध आहे. ज्या सुनेला "हिच्या पोटी टिकतच नाही" असे म्हणतात, तिची आधी तपासणी करा.

यातली एक खूण म्हणजे ल्युपस नव्हे. क्षय, थायरॉईड, चिकनगुनिया, साधा रक्तक्षय यांच्याही खुणा अशाच असतात, आणि आपल्याकडे ते जास्त आढळतात. डॉक्टर आधी तेच तपासतील, ते बरोबरच आहे. मात्र ते आजार निघाले नाहीत, किंवा त्यांच्यावरचे औषध घेऊनही फरक पडला नाही, तर गप्प बसू नका. "ल्युपसची तपासणी करायची का?" असे सरळ विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

न दुखणारा धोका

ल्युपसमध्ये सर्वांत जास्त घात होतो तो मूत्रपिंडांचा, आणि मूत्रपिंड बिघडताना दुखत नाहीत. रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना केव्हा ना केव्हा हा त्रास होतो. लघवीला साबणासारखा फेस येणे, लघवी तांबूस होणे, सकाळी डोळ्यांखाली सूज, पायांवर सूज, कमी वयात रक्तदाब वाढणे या त्याच्या खुणा. सुरुवातीला तर एवढेही दिसत नाही. फक्त लघवीच्या तपासणीत प्रथिने सापडतात.

म्हणून आमचे सांगणे हेच : सांधे, चट्टे आणि ताप यांच्या जोडीला लघवीची तपासणी झालीच पाहिजे. ही अगदी साधी तपासणी आहे. ती वेळेवर झाली तर मूत्रपिंड वाचवता येतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येते. अमेरिकेतली गायिका सेलेना गोमेझ हिने २०१५ मध्ये आपल्याला ल्युपस असल्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये तिला मूत्रपिंड बदलून घ्यावे लागले. हा आजार श्रीमंत-गरीब पाहत नाही. पण उशिराची किंमत गरिबाच्या घराला जास्त पडते.

फिट येणे, अचानक भ्रम होणे, असंबद्ध बोलणे हेही ल्युपसने होऊ शकते. अशा वेळी "बाहेरचे आहे" म्हणून अंगारे-धुपारे करण्यात एक रात्रही घालवू नका. फिट, श्वास लागणे, तांबूस लघवी, अंगभर सूज यांपैकी काहीही झाले, तर १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.

कुठे जायचे, काय न्यायचे?

पहिली पायरी गावातलीच. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, रक्तातल्या पेशी आणि लघवी यांची तपासणी मागा. आशाताईंना सोबत घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत केलेल्या आहेत. तिथून गंगाखेडचे उपजिल्हा रुग्णालय, मग परभणी. पुढची गरज पडली तर नांदेड, अंबाजोगाई आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात संधिवाताच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

ल्युपसची शंका असेल तर डॉक्टर एएनए नावाची रक्ततपासणी सांगतात. ती नसेल तर ल्युपस असण्याची शक्यता फार कमी. पण ती असली म्हणजे ल्युपस आहेच, असेही नाही. काही निरोगी माणसांतही ती आढळते. खुणा आणि पुढच्या तपासण्या जुळल्यावरच निदान होते. म्हणून नुसता एक कागद पाहून घाबरू नका.

जाताना वहीचे एक पान न्या. त्यावर लिहा : कोणती तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली, उन्हाने वाढते का, किती वेळा गर्भ पडला, आतापर्यंत कोणत्या सुया-गोळ्या घेतल्या. चट्टा कधी येतो, कधी जातो, म्हणून तो दिसेल तेव्हा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या. दवाखान्यात डॉक्टरांना दोन मिनिटेच वेळ असतो. तुमची बेरीज त्या पानावर आधीच झालेली असू द्या.

औषध आहे, पण सोडायचे नाही

ल्युपस मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. १९५० च्या दशकात निदान झाल्यावर चार-पाच वर्षांत जवळपास निम्मे रुग्ण दगावत. आज वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण संसार करतात, काम करतात, म्हातारे होतात.

मुख्य औषध आपल्याला ऐकून माहीत आहे : हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. करोनाच्या पहिल्या लाटेत हिचाच गाजावाजा झाला होता. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने तिची निर्यात थांबवली. एप्रिलमध्ये मुंबईत धारावी आणि वरळीच्या वस्त्यांत ती वाटण्याची चर्चा होती. करोनावर ती उपयोगी नाही, हे पुढे दिसून आले. पण त्या धावपळीत ज्यांना ती रोज लागते, त्या ल्युपसच्या रुग्णांना दुकानात मिळेनाशी झाली. ही गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यायची आणि डोळे ठरल्या वेळी तपासून घ्यायचे.

जास्त त्रासात स्टेरॉईडच्या गोळ्या देतात. त्याने चेहरा गोल होतो, वजन वाढते. शेजारी काहीबाही बोलतात आणि रुग्ण गोळ्या बंद करतो. असे कधीच करू नका. स्टेरॉईड एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरच हळूहळू कमी करतात. उलट, अंगदुखीसाठी मनाने घेतलेल्या सुया, वेदनाशामक गोळ्या आणि मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची मलमे बंद करा. सुईने आजार काही दिवस झाकतो, वेदनाशामकांनी मूत्रपिंडांवर ताण येतो.

ऊन टाळा, हे सांगणे सोपे आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने ते पाळायचे कसे? शेतात बाया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतातच. तो घाला, डोके आणि गाल रुमालाने झाका, आणि भर दुपारचे काम सकाळ-संध्याकाळवर ढकलता येते का ते पाहा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने निघण्याआधी तीन महिन्यांची औषधे आणि केसपेपर सोबत घ्यावा. घरात कोणी बिडी ओढत असेल तर ती सोडावी.

दिवस राहू द्यायचे असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. आजार किमान सहा महिने शांत असावा लागतो आणि काही औषधे बदलावी लागतात. गर्भनिरोधक गोळ्याही विचारूनच घ्या.

घरच्यांना एक विनंती

लग्न जमणार नाही या भीतीने पुष्कळ आई-बाप लेकीचा आजार लपवतात. लपवलेल्या आजारात औषधही लपूनच घ्यावे लागते आणि मग ते सुटते. नवऱ्याला, सासूला आम्ही सांगतो : बाहेरून धडधाकट दिसणारी सून "मला उठवत नाही" म्हणाली, तर ते सोंग नसू शकते.

येत्या रविवारी विहारात महिला मंडळ बसेल तेव्हा हे पान मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर एवढेच विचारा : आपल्यापैकी कोणाला यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र होतात का? कोणी हात वर केला तर सोमवारी तिच्यासोबत एक जण दवाखान्यात जा आणि लघवीची तपासणी करून घ्या.

जय भीम.