पेशींची दवंडी

गावावर संकट आले, की पूर्वी दवंडी पिटली जात असे. ती कानी पडताच लोक सावध होत व दारांना अडसर लावीत. माणसाच्या शरीरातही अशी दवंडी फिरते. मात्र ती डफावर वाजत नाही, प्रथिनांच्या रूपाने फिरते.

१९५७ साली लंडन येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स व ज्याँ लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. कोंबडीच्या अंड्यात गर्भाभोवती जे पातळ पटल असते, त्याचे तुकडे त्यांनी फ्ल्यूच्या निष्प्रभ केलेल्या विषाणूंसह द्रवात ठेवले. पुढे तो द्रव पटलाच्या नव्या तुकड्यांना दिला, तेव्हा त्यांत जिवंत विषाणूंची वाढ होईना. पहिल्या तुकड्यांनी द्रवात काही तरी सोडले होते! विषाणूंना अडथळा करणाऱ्या त्या पदार्थास त्यांनी ‘इंटरफेरॉन’ हे नाव दिले.

विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. ते पोचताच शेजारच्या पेशी विषाणूंची वाढ रोखण्याची तयारी करतात. परंतु दवंडी ऐकावयास कान हवेत. पेशीचे कान म्हणजे तिच्या आवरणावरील विशिष्ट प्रथिने. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. कुलपात त्याचीच किल्ली बसावी, तसा प्रत्येक संदेश आपल्याच ग्राहीत बसतो. ग्राही नसेल, तर संदेश जवळून गेला तरी पेशीला त्याची वार्ता नसते.

म्हणूनच कोणते ग्राही शरीरात कोठे आहेत, यास फार महत्त्व आहे. पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचे ग्राही केंद्रक असलेल्या जवळजवळ सर्व पेशींवर असतात. ही दवंडी साऱ्या गावाला ऐकू जाते. २००३ साली इंटरफेरॉनचा तिसरा प्रकार उजेडात आला. त्याचे ग्राही मुख्यतः श्वासमार्गाच्या व आतड्याच्या अस्तरातील पेशींवर, तसेच यकृतातील पेशींवर आढळतात. हवेतून व अन्नातून येणाऱ्या विषाणूंना प्रथम या अस्तरांशीच गाठ घालावी लागते. ही दवंडी जणू वेशीवरील पहारेकऱ्यांसाठीच असते.

या फरकाचे परिणाम रोग्यांना जाणवतात. ‘हेपॅटायटिस सी’ या यकृताच्या रोगावर पूर्वी पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन टोचीत असत. विषाणू यकृतात, पण ग्राही सर्वत्र! त्यामुळे रोग्यास ताप येई, अंग दुखे व थकवा जाणवे.

दवंडी वाटेतच अडली, तर काय होते, हेही दिसून आले आहे. २०२० साली कोविडच्या ९८७ अत्यवस्थ रोग्यांची तपासणी झाली. त्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. त्यांच्या पेशींना कान होते. पण सूचना कानांपर्यंत पोचतच नव्हती.

संकटाची सूचना देणारा हवा, तिची वाट मोकळी हवी आणि ती ऐकणाराही योग्य जागी हवा. या तिन्ही गोष्टी जुळून येतात, तेव्हाच शरीराचे रक्षण होते.