स्टेरॉईड पचविणारे विकर : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

"तुमच्या चूर्णात स्टेरॉईड तर नाही ना?" हा प्रश्न रुग्ण वैद्यास व औषधविक्रेत्यास वारंवार विचारतात. त्याचे समर्पक उत्तर द्यावयाचे तर स्टेरॉईड म्हणजे काय, हे रचनेच्या अंगाने जाणून घेणे आवश्यक आहे.

परस्परांस जोडलेली चार कार्बन-वलये हा सर्व स्टेरॉईडांचा सांगाडा होय. शरीरातील कोलेस्टेरॉल, वनस्पतींतील सिटोस्टेरॉल, अश्वगंधेतील विथॅनोलाईड आणि शतावरीतील सॅपोनिन यांच्या मुळाशी हाच सांगाडा आहे. मात्र सांगाडा समान असला तरी कर्म समान नसते. अश्वगंधा म्हणजे प्रेडनिसोलोन नव्हे.

विकराचे कार्य

हा सांगाडा सहजासहजी फुटत नाही. ऱ्होडोकॉकस, मायकोबॅक्टेरियम आदी मृत्तिकेतील जिवाणू मात्र तो अन्न म्हणून वापरतात. त्यांच्याजवळील कीटोस्टेरॉईड डिहायड्रोजनेज हे विकर पहिल्या वलयातील १ व २ क्रमांकाच्या कार्बनवरील एकेक हायड्रोजन काढून तेथे दुहेरी बंध निर्माण करते. दुसरे विकर ९ क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन जोडते. ही दोन्ही कार्ये झाली की दुसरे वलय आपोआप उघडते आणि पुढील विघटन सुकर होते.

क्षयाचा जिवाणूही याच मार्गाने रुग्णाच्या पेशींतील कोलेस्टेरॉलवर उपजीविका करतो. म्हणूनच ही विकरे नव्या क्षयरोधी औषधांच्या संशोधनाचा विषय झाली आहेत.

औषधनिर्मितीतील उपयोग

१९४८ मध्ये कॉर्टिसोनचा आमवातसदृश संधिविकारात प्रथम उपयोग झाला. १९५५ च्या सुमारास संशोधकांनी जिवाणूंकडून हायड्रोकॉर्टिसोनमध्ये उपरोक्त दुहेरी बंध घडवून प्रेडनिसोलोन सिद्ध केले. त्याची शोथहर शक्ती सुमारे चौपट आहे. जे विकर स्टेरॉईडच्या विनाशाचा आरंभ करते, त्याचेच कार्य मध्येच थांबविल्यास प्रबळ औषध हाती येते.

डेक्सामेथासोनची शक्ती तर हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे पंचवीसपट आहे. त्यात ९ क्रमांकाच्या कार्बनवर फ्लोरिन बसविलेला असतो. दुसऱ्या विकराचे कार्यस्थान नेमके तेच असल्याने जिवाणूंना ते पचविणे कठीण जाते. अशी फ्लोरिनयुक्त द्रव्ये सांडपाण्यात अधिक काळ टिकतात.

आपल्या परिसराच्या संदर्भात

बल्लारपूर हे वर्धेकाठचे कागदनगर. बांबू व लाकडाचा लगदा करताना वनस्पतिज स्टेरॉल सांडपाण्यात उतरतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कागद कारखान्याच्या प्रवाहाखालील माशांच्या माद्यांत नराची लक्षणे दिसल्याचे १९८० मध्ये नोंदले गेले. जिवाणूंनी या स्टेरॉलांचे अर्धवट विघटन करून पुरुषसंप्रेरकसदृश द्रव्ये निर्माण केली असावीत, असे त्याचे एक स्पष्टीकरण देण्यात आले. विघटन पूर्ण होणे किती महत्त्वाचे, हे यावरून ध्यानी येते.

आपले कर्तव्य

१. संधिवात वा श्वासाच्या एखाद्या अनामिक पुडीने दोन-तीन दिवसांत चमत्कारिक गुण येत असेल, तर भेसळीची शंका घ्यावी. चेहऱ्यास गोल सूज, रक्तशर्करावृद्धी व त्वचा पातळ होणे ही लक्षणे पाहावीत.

२. अशी पुडी दीर्घकाळ घेणाऱ्यास ती एकाएकी बंद करावयास सांगू नये. अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असल्यास प्राणसंकट ओढवू शकते. मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच क्रमाने कमी व्हावी.

३. विक्रेत्यांनी घाऊक चूर्ण व गुटिका घेताना बॅच क्रमांक व परीक्षण अहवाल मागावा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील कलम ३३ ईई नुसार आरोग्यास अपायकारक द्रव्य असलेले आयुर्वेदिक औषध भेसळयुक्त ठरते.

४. मुदत संपलेली स्टेरॉईड औषधे गटारात टाकू नयेत, पुरवठादाराकडे परत करावीत.

वनौषधीतील स्टेरॉल व पुडीत मिसळलेले डेक्सामेथासोन यांतील भेद आपण रुग्णास समजावून सांगू शकलो, तरच आयुर्वेदावरील त्याचा विश्वास दृढ राहील.