‘पुट अप’ : एका इंग्रजी जोडक्रियापदाचे अर्थ

परभाषा शिकतांना मोठा शब्द अडला तर कोश हाताशीं असतो. खरी अडवणूक करतात ते लहान शब्द. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांतील अमडापूरचा एक विद्यार्थी शिक्षणाकरितां मुंबईस आला आणि पंधरा दिवस मामांच्या घरीं राहिला, अशी कल्पना करावी. वसतिगृहांत जागा मिळावी म्हणून केलेल्या अर्जांत त्यानें लिहिलें, ‘माय अंकल पुट अप विथ मी फॉर फिफ्टीन डेज.’ मामांनीं आपल्यास आसरा दिला, असें त्यास सांगावयाचें होतें. लिहिलें गेलें तें असें कीं, मामांनीं पंधरा दिवस आपल्यास कसेंबसें सोसलें. ज्या मुलास सख्खे मामा कंटाळले, त्यास वसतिगृहांत कोण घेणार? एका ‘विथ’नें यजमानाचा उपमर्द झाला आणि पाहुण्याचीही पत गेली.

‘पुट’ म्हणजे ठेवणें व ‘अप’ म्हणजे वर, एवढ्या भांडवलावर पहिला अर्थ उलगडतो. हात वर करणें, छत्री उघडणें, भिंत अगर मांडव उभारणें, या सर्वांस ‘पुट अप’ चालतें. यावरूनच चारचौघांपुढें मांडण्याचा अर्थ निघाला : निवडणुकीस उमेदवार उभा करणें, घर विक्रीस काढणें, धंद्यास भांडवल पुरविणें.

दुसरा अर्थ जागच्या जागीं ठेवण्याचा आहे. तलवार म्यान करणें, घोडा तबेल्यांत बांधणें, याला जुन्या इंग्रजींत ‘पुट अप’ म्हणत. पाहुण्याची उतरण्याची सोय करणें हा अर्थ याच्या शेजारचाच. अपमान निमूटपणें गिळणें यासही पूर्वीं ‘पुट अप’ म्हणत; आपल्याकडे अपराध पोटांत घालतात, तसाच हा प्रकार. पुढें त्यास ‘विथ’ कायमचें चिकटलें आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणें, असा अर्थ रूढ झाला.

‘विथ’ऐवजीं ‘टु’ आलें तर प्रकरण अधिकच गंभीर होतें. ‘ही पुट मी अप’ म्हणजे त्यानें मला उतरावयास जागा दिली. ‘ही पुट मी अप टु इट’ म्हणजे त्यानें मला या कृत्यास चिथावलें. न्यायालयांतील जबानींत हीं दोन वाक्यें एकमेकांच्या जागीं पडलीं, तर आश्रय देणारा सज्जन आरोपी ठरावयाचा!

भारतांतील कचेऱ्यांत मात्र या शब्दास निराळेंच पद मिळालें आहे. ‘फाइल पुट अप करा’ म्हणजे ती टिपणीसह वरिष्ठांपुढें सादर करा. हा अर्थ येथील कारभारांत मुरलेला आहे. विलायतेच्या नेहमींच्या बोलण्यांत तो ऐकूं यावयाचा नाहीं.

वाक्यरचनेचा नियम सोपा आहे. कर्म नाम असेल तर तें ‘अप’च्या आधीं अगर नंतर, कोठेंही येतें, सर्वनाम असेल तर मध्येंच बसतें, जसें ‘पुट इट अप’. ‘पुट अप विथ’ हे तीन शब्द मात्र सहसा अभंग राहतात. कर्म त्यांच्या मागून येतें.

अशा क्रियापदांनीं परकीयांची तारांबळ उडते, हें डॉ. जॉन्सननें 1755 सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें होतें. तथापि मराठी माणसानें यास लहर म्हणूं नये. संस्कृतांत ‘हृ’ या एकाच धातूपासून उपसर्गभेदानें आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न शब्द होतात. तेथें उपसर्ग पुढें उभा, इंग्रजींत अव्यय मागें उभें, इतकाच फरक. आणि आपण दार लावतों तें बंद करण्यासाठीं, दिवा लावतों तो पेटविण्यासाठीं, झाड लावतों तें वाढविण्यासाठीं. मुलांस वळण लावतों तें निराळेंच. मराठी शिकणाऱ्या परकीयास हें ‘लावणें’ किती छळत असेल!

म्हणून ‘पुट अप’चे अर्थ सुटे पाठ करूं नयेत, कोण, कोणास आणि पुढें कोणतें अव्यय, हें पाहून पुरें वाक्यच ध्यानांत ठेवावें. अमडापूरच्या विद्यार्थ्यानें ‘माय अंकल पुट मी अप’ एवढेंच लिहिलें असतें, तर मामांचें आतिथ्य आणि भाच्याची अब्रू, दोन्ही शाबूत राहिलीं असतीं.