एक टिक, दोन टिक आणि खामगावचा फोन

मागच्या महिन्यात माझ्या हातून एक सायकल गेली. चोरीला नाही गेली. ती माझी झालीच नव्हती, किंवा झाली होती, आणि वादाचा मुद्दा नेमका हाच आहे.

त्याचं झालं असं. फायनल इयरच्या एका सिनियरने दुपारी व्हॉट्सॲपवर विचारलं, "सायकल बावीसशेला देतो. हवी तर आजच सांग." मी चार वाजता कॉटवर लोळत उत्तर पाठवलं, "घेतली!" एक टिक आली. त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. साडेपाचला कॅन्टीनवर त्याने तीच सायकल मेकॅनिकलच्या एकाला रोख बावीसशेला दिली. रात्री मोबाइल चार्ज झाला, माझ्या मेसेजला दुसरी टिक आली, मग दोन्ही निळ्या झाल्या आणि उत्तर आलं, "अरे, ती तर गेली!"

रूम पार्टनरने लगेच निकाल दिला, "तुझा मेसेज चारचा, सौदा साडेपाचचा. सायकल तुझी!" आता मला लहानपणापासून दोन किडे चावलेले आहेत, एक कॉम्प्युटरचा आणि एक कायद्याचा. म्हटलं, बघूया तरी.

आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम ४ सांगतं की होकार एकदा वाटेला लागला आणि देणाऱ्याच्या हाताबाहेर गेला, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. म्हणजे मी चार वाजता पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं असतं, तर सिनियर तिथेच अडकला असता. पत्र परवा का पोचेना! एक टिक म्हणजे पोस्टाची पेटी असं धरलं, तर रूम पार्टनर बरोबर.

पण थांबा. ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली, म्हणजे कायदा झाल्यावर चार वर्षांनी. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टपाल होतं, फोन नव्हता. हा घोळ पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि त्यात आपलं खामगाव आहे! १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी फोनवरून सरकीच्या पेंडीची मागणी केली आणि खामगावच्या पार्टीने फोनवरच होकार दिला. माल आला नाही, म्हणून अहमदाबादवाल्यांनी आपल्याच गावात दावा लावला. प्रश्न असा, की करार झाला कुठे? "हो" म्हटलं त्या खामगावात, की "हो" ऐकलं त्या अहमदाबादेत?

१९६५ साली तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी सांगितलं, जिथे होकार ऐकला तिथे, म्हणजे अहमदाबादेत. टपालाचा नियम फोनला लागू नाही. न्या. हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले, तर बोललेला होकार खामगावातच वाटेला लागला होता, असं त्यांचं म्हणणं.

टपाल आणि फोन यांत हा भेद का? इंग्लंडमध्ये १९५५ साली टेलेक्सच्या एका खटल्यात न्या. डेनिंग यांनी छान उदाहरण दिलं होतं. मी नदीपलीकडच्या माणसाला ओरडून प्रस्ताव दिला, त्याने ओरडून होकार दिला, पण तेवढ्यात वरून विमान गेलं आणि मला काही ऐकू आलं नाही. करार झाला नाही. त्याला हवा असेल तर त्याने पुन्हा ओरडावं. आपल्याकडे विमानाऐवजी मेसचा जनरेटर धरा. कारण साधं आहे. फोन कट झालेला बोलणाऱ्याला तिथल्या तिथे कळतो, पत्र हरवलेलं कळत नाही. ज्याला चूक दिसते, दुरुस्तीची जबाबदारी त्याची.

नेटवर्कच्या लेक्चरला जागे असाल तर हे ओळखीचं वाटेल. यूडीपी म्हणजे पाकीट टाकलं आणि विसरलो. टीसीपी म्हणजे आधी हाक, मग ओ, मग "ऐकलं रे", असा तीन पायऱ्यांचा हँडशेक. पोच आली नाही तर पुन्हा पाठवा. पण गंमत अशी, की शेवटची पोच पोचली का, हे ती पाठवणाऱ्याला कधीच शंभर टक्के कळत नाही. दोन सेनापतींचं कोडं म्हणतात ते हेच. निरोप वाटेत हरवू शकत असतील, तर कितीही पोचपावत्या दिल्या तरी दोघांची पूर्ण खात्री होत नाही, हे गणिताने सिद्ध झालंय. म्हणजे तंत्रज्ञान इथे हात टेकतं. मग कायदा कुठेतरी रेघ मारतो आणि सांगतो, इथून पुढची जोखीम तुझी.

मेसेजची रेघ कुठे? २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे निरोप समोरच्याच्या संगणक-साधनात शिरला की मिळाला. वाचला पाहिजे असं नाही. म्हणजे निळ्या टिकेला कायद्यात विशेष मान नाही, दुसरी टिक महत्त्वाची! कलम १२ मध्ये तर चक्क टीसीपी आहे. पाठवणाऱ्याने "पोच आली तरच हे बंधनकारक" अशी अट घातली आणि पोच आली नाही, तर निरोप पाठवलाच नव्हता असं धरतात.

मी वकील नाही, तेव्हा हा निकाल फक्त आपल्या विंगपुरता. माझ्या स्क्रीनवर दीड तास एकच टिक दिसत होती. म्हणजे विमान डोक्यावर आहे हे मला कळत होतं आणि पुन्हा ओरडणं माझं काम होतं. मी ओरडलो नाही. त्याचा मोबाइल काही साडेपाचच्या आत जागा झाला नाही. सबब, करार झाला नाही, सायकल मेकॅनिकलवाल्याची. रूम पार्टनरने अपील केलंय, ते मेसमध्ये प्रलंबित आहे.

नंतर कळलं, पाच वाजेपर्यंत सिनियर आपल्या खोलीतच झोपला होता. त्याची खोली बरोबर आमच्या खाली. बावीस पायऱ्या उतरून दार वाजवलं असतं, तर एकही कलम लागलं नसतं.