साठच्या काट्यावर थरथर

साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा मागे पडला, की रस्ता मोकळा मिळतो. त्या सकाळी खेड शिवापूरचा टोलनाका दिसू लागला तसा मी थ्रॉटल सोडला आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढायला डावा हात हँडलवरून काढला. त्याच क्षणी हँडल डावी-उजवीकडे थाडथाड मारायला लागलं. इतकं वेगात, की डावी ग्रिप डोळ्यांना नुसती पुसट दिसत होती. काटा साठच्या जरा खाली होता. हात परत टेकवला आणि दोन सेकंदांत सगळं शांत झालं.

गॅरेजच्या भाषेत याला ‘वॉबल’ म्हणतात. पावणेदोनशे-दोनशे किलोची गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांनी तो अनुभवलेला असतो आणि बहुतेक जण त्याची सवय करून घेतात. दोन्ही हात ठेवले की होत नाही ना, मग झालं तर, असं मलाही दोघा-तिघांनी सांगितलं. हे मला अजिबात पटत नाही. हातांनी दाबून ठेवलेला दोष तिथेच असतो. एखाद्या दिवशी मागे माणूस बसलेला असतो, कॅरिअरवर सामान असतं, चाक खड्ड्याच्या कडेवरून उडतं आणि तेवढा दाब पुरत नाही.

हा वॉबल होतो कसा हे समजायला विमानतळावरच्या सामानाच्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. ट्रॉली ढकलली की ते आपोआप मागे वळतं आणि सरळ चालतं, कारण त्याचा जमिनीला टेकणारा भाग फिरत्या दांड्याच्या मागे असतो. मोटारसायकलचं पुढचं चाकही असंच मागे ओढलं जात असतं. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं ती रेष खाली जमिनीपर्यंत ओढली, तर टायर टेकतो ती जागा तिच्या तीन-चार इंच मागे पडते. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. गाडी सरळ धावते त्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण याच रचनेमुळे ट्रॉलीचं एखादं चाक ठरावीक वेगाला वेड्यासारखं फडफडतं. सरळ होण्याच्या भरात ते मध्याच्या पलीकडे जातं, परत येताना पुन्हा पलीकडे जातं. रबर लवचीक असल्यामुळे टायर हँडलचं म्हणणं क्षणभर उशिरा ऐकतो, आणि तो उशीर या हेलकाव्याला खतपाणी घालतो.

पण मग नेमकं साठच्या आसपासच का? पुढच्या भागाची ही थरथर साधारणपणे सेकंदाला चार ते दहा वेळा होते. आता चाकाचा हिशेब करा. एकोणीस इंची रिमवर चढवलेल्या टायरचा घेर जवळजवळ दोन मीटर. ताशी ५५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर, म्हणजे चाकाच्या साडेसात फेऱ्या. चाकात काही वाकडं असेल तर ते प्रत्येक फेरीला हँडलला एक टपली मारतं. टपल्यांचा वेग आणि हँडलच्या अंगच्या थरथरीचा वेग जुळला, की लहान मुलाचा झोका योग्य वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यांनी चढत जावा तसं होतं. ऐंशीला टपल्या फार भराभर पडतात, तिशीला फार सावकाश. त्यात थ्रॉटल सोडला की गाडीचा भार पुढच्या टायरवर सरकतो आणि वेग हळूहळू उतरत नेमक्या त्याच पट्ट्यातून जातो.

म्हणून या दुखण्यात जवळजवळ नेहमीच दोन गुन्हेगार असतात असं माझं मत झालं आहे. एक टपली मारणारा, दुसरा त्या टपलीला मोकळं रान देणारा. एकच सापडला की माणूस समाधानाने पाने पेटीत टाकतो आणि चार महिन्यांनी थरथर परत येते.

आमच्या गाड्या बघणारे मेकॅनिक साठीच्या पुढचे आहेत, गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणतात. माझी गाडी डबल स्टँडवर चढली तेव्हा त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही.

“टायर कधी टाकला?” त्यांनी विचारलं.

“दोन महिने झाले असतील, मामा.”

“आणि हे सुरू कधी झालं?”

मी हिशेब केला. टायरनंतरच.

इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवून त्यांनी पुढचं चाक अधांतरी केलं, फोर्कला एक खडू धरला आणि चाक हाताने फिरवलं. खडू रिमच्या कडेजवळ नेला. रिमला ‘आउट’ नव्हता, अंतर सगळीकडे सारखंच. मग खडू टायरच्या गालाशी नेला. तिथे तो एका जागी टेकायचा, फेरी झाली की पुन्हा त्याच जागी. “वाका खाली,” ते म्हणाले. टायरच्या गालावर रिमला लागून एक बारीक उंच रेघ सगळीकडे फिरवलेली असते. ती रिमपासून चौफेर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. माझ्या टायरची रेघ वीतभर लांबीत रिमच्या आत बुडाली होती. टायर बसवणाऱ्याने हवा भरली, पण टायरची कड त्या जागी रिमवर चढलीच नव्हती. दोन महिने मी किंचित अंडाकृती चाकावर फिरत होतो.

हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. पूर्ण हवा सोडायची, कडेला साबणाचं पाणी लावायचं, टायर चौफेर दाबून मोकळा करायचा आणि कमाल मर्यादा न ओलांडता हवा भरायची. कड जागेवर गेली की टप्प असा आवाज येतो. मग कंपनीने सांगितलेल्या दाबावर हवा उतरवायची. टायर जुना असेल, तर रेघ नीट असूनही पृष्ठभाग लाटेसारखा झिजलेला असू शकतो. तळहात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत लागतो, उलटा फिरवला की कडा बोचतात. अशा टायरला बदलण्याशिवाय इलाज नाही. गालावरचा चार आकडी कोड वाचायची सवयही ठेवावी: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.

मला वाटलं, काम झालं. मामा मात्र गाडीसमोर उकिडवे बसले. दोन्ही फोर्क खालून धरून त्यांनी पुढे-मागे हलवले आणि माझं बोट हँडलखाली, फ्रेमची मान आणि फोर्क धरणारी खालची टी जिथे भेटतात त्या फटीवर ठेवायला लावलं. बोटाला बारीकसं ‘टक्’ जाणवलं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते मानेतलं बेअरिंग, सैल होता. मग त्यांनी हँडल अगदी हलक्या हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बरोबर मध्यावर ते क्षणभर अडकायचं, रेडिओचं बटण एखाद्या खाचेत बसावं तसं.

कोनसेट उघडल्यावर कारण दिसलं. जुनं ग्रीस पुसून खालच्या वाटीवर टॉर्च मारला, तर चकचकीत पोलादावर बारीक खळ्यांची रांग होती, प्रत्येक गोळीचा एक खळगा. नख फिरवलं की प्रत्येक खळग्याशी अडायचं. गाडी आयुष्यातला बराचसा वेळ सरळच चालते. त्या एकाच स्थितीत गोळ्या खड्ड्यांचे दणके सोसतात, बारीक कंपनांनी खालचं ग्रीस बाजूला सारलं जातं आणि पोलाद पोलादावर घासतं. अशा खळ्यांना ढोबळपणे ‘ब्रिनेलिंग’ म्हणतात. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली धातूवर कडक गोळी दाबून त्याचा कठीणपणा मोजायची पद्धत दाखवली, त्यांच्यावरून हे नाव पडलं. वाटीवर खळगे पडले असतील तर नट आवळून उपयोग नाही, पूर्ण सेट बदलायचा. मामांनी गोळ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंगचा सेट सुचवला; त्यात भार ठिपक्यांऐवजी रेघांवर वाटला जातो.

खरं कसब पुढे आहे. अ‍ॅडजस्टिंग नट सैल राहिला तर थरथर. जास्त आवळला तर वेगळाच त्रास: हँडल स्वतःहून सरळ होत नाही आणि कमी वेगात गाडी दारू प्यायल्यासारखी इकडून तिकडे भरकटते. मामांनी नट अडेपर्यंत आवळला, आठव्या हिश्शाने उलटा सोडला आणि वरचा लॉकनट लावला. लॉकनट आवळताना खालचा दाबही वाढतो, म्हणून तपासणी पुन्हा पहिल्यापासून. चाक अधांतरी असताना मध्यावरच्या हँडलला बोटाने जरा टोचलं, की त्याने आपणहून एका बाजूला घरंगळत गेलं पाहिजे; आणि फोर्क हलवल्यावर ‘टक्’ येता कामा नये. दोन्ही अटी एकदम जमेपर्यंत त्यांनी चार वेळा नट उघडला. क्लच-केबल ताठ असली तरी हँडल अडतं, हेही त्यांनी ती बाजूला धरून दाखवलं.

बाकीची ठिकाणं भराभर सांगतो. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर चाकाचं बेअरिंग गेलं. गाडी पूर्वी पडली असेल तर फोर्क टीमध्ये पिळलेले असू शकतात. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश झिजले किंवा चेन ताणताना दोन बाजूंच्या खुणा जुळल्या नाहीत, तर मागचं चाक पुढच्याला छळतं. आणि टॉप बॉक्स: मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे टांगलेलं प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतं.

स्टीअरिंग डॅम्परबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. थरथर होते म्हणून आधी डॅम्पर लावायचा सल्ला सर्रास मिळतो. रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटारसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं, तेव्हा ‘वॉबल’ आणि ‘वीव्ह’ ही दोन वेगळी दुखणी म्हणून समोर आली. वॉबलमध्ये मान थरथरते. वीव्हमध्ये अख्खी गाडी सेकंदाला दोन-चार वेळा डुलते, तेही जास्त वेगाला. हँडलला अडवणारा डॅम्पर वॉबल आवरतो, पण वीव्ह वाढवू शकतो, असं त्या गणितातून निघालं. सैल कोनसेटवर डॅम्पर लावणं म्हणजे साठचा दोष झाकून शंभरला दुसरा ओढवून घेणं.

रस्त्यात थरथर सुरू झालीच, तर ब्रेक मारू नका. हँडल घट्ट धरा, पण त्याच्याशी झटापट करू नका. थ्रॉटल हळूहळू मिटा, छाती टाकीकडे झुकवा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि वेग उतरला की कडेला थांबा. आणि दोष आहे का हे बघायला चालत्या गाडीवर दोन्ही हात सोडू नका. वर सांगितलेलं सगळं गाडी उभी असताना समजतं.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे मी त्याच रस्त्याने आलो. नाक्याआधी थ्रॉटल सोडला, दोन्ही तळवे ग्रिपवर नुसते टेकवून ठेवले. साठ, अठ्ठावन्न, पंचावन्न, पन्नास. तळव्यांना फक्त इंजिनाची धडधड लागत होती.

मामांनी लॉकनट आणि टीवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ मारून दिली आहे. नवं बेअरिंग हजार किलोमीटरांत बसतं, तेव्हा रेघ जुळते का ते बघायचं आणि पुन्हा एकदा ‘टक्’ तपासायचं. आज ८४० झालेत. रेघ अजून एकसंध आहे.